जवाईबापूंचं सॉफ्टवेअर

गजेंद्रभाऊंनी आयुष्यात एकच गोष्ट केली, आणि तीही अर्धी. पण त्या अर्ध्या गोष्टीवर ते पंधरा वर्षं पोटभर जेवले. जेवले तेही साधंसुधं नाही; पाटावर बसून, पुढे चौरंग, चौरंगावर ताट, आणि वाढायला सासू उभी. अर्ध्या हळकुंडानं पिवळे होणारे लोक वर्ध्यात काही कमी नाहीत, गल्लीला दोन सापडतात. पण इतकी वर्षं तो पिवळेपणा टिकवून धरणारा माणूस विरळा, म्हणून त्यांची हकिकत सांगायची.

ती गोष्ट म्हणजे एक वेबसाइट. पुलगावला हिरालालजींचं बियाण्यांचं आणि फवारणी पंपांचं ठोक दुकान आहे. आंजीपासून तळेगावपर्यंतची खेड्यापाड्यांतली कृषी केंद्रं त्यांच्याकडून माल उचलतात. गजेंद्रभाऊ हे हिरालालजींचे जावई, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचे, आचलचे यजमान. लग्न झालं तेव्हा ते वर्ध्यात एका खोलीत कॉम्प्युटर क्लास चालवत. खोलीपेक्षा पाटी मोठी होती. आत चार कॉम्प्युटर, त्यातले दोन चालायचे आणि दोन शोभेला.

सासरे-जावई समोरासमोर बसले की बोलायला काही नसतं. लोक अशा वेळी पीकपाण्याची चौकशी करतात. हिरालालजींनी कॉम्प्युटरची केली आणि तिथंच फसले. "जवाईबापू, आपल्या दुकानाचंबी काई कॉम्प्युटरवर होते काय?" एवढंच ते म्हणाले, आणि तेही सुपारी कातरता कातरता. गजेंद्रभाऊंनी मान अशी हलवली, जणू हा प्रश्न येणारच होता.

चार महिन्यांनी वेबसाइट उभी राहिली. इकडून एक तुकडा उचललेला, तिकडून दुसरा, गोधडीला ठिगळं लावावीत तशी. वर ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ अशी पळती पट्टी. मधोमध गरगर फिरणारं कापसाचं बोंड. खाली ‘आपण आमचे इतक्यावे पाहुणे’ असा आकडा. तो गजेंद्रभाऊंनी स्वतःच्या हातानं दहा हजारांपासून सुरू केला होता, कारण पहिल्याच दिवशी ‘आपण आमचे पहिले पाहुणे’ असं दिसणं त्यांना शोभेना. पण खरं ते खरं, ती चालली. खेड्यातला दुकानदार तिच्यात शिरून मालाचा आकडा टाकायचा, पुलगावच्या दुकानात चिठ्ठी छापून निघायची, चिठ्ठीप्रमाणे गोदामातून माल गाडीत चढायचा. त्या काळी एवढं बघूनही लोकांचे डोळे दिपले. हिरालालजींनी जावयाला भर दुकानात शेला पांघरवला. त्या दिवसापासून गजेंद्रभाऊंनी नवीन काही शिकणं बंद केलं.

आता यातली मेख सांगतो. वेबसाइटमध्ये आर्थिक वर्ष त्यांनी हातानं लिहिलं होतं. एप्रिल उजाडला की सगळं ठप्प, कारण यंत्राच्या लेखी अजून मागचंच साल चालू. पहिल्या वर्षी हे अज्ञानातून झालं, त्याबद्दल त्यांना माफ करू. पण पहिल्या एप्रिलला काय झालं ते बघा. दुकानातून घाबराघुबरा फोन आला. पाठोपाठ वर्ध्याला गाडी आली. गजेंद्रभाऊ आचलला घेऊन पुलगावला उतरले, तर देवकाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पुरण घातलेलं. जेवण झालं, वामकुक्षी झाली, चहा झाला. मग खोलीतून सगळ्यांना बाहेर काढून, दार लावून, त्यांनी एका ओळीत एक आकडा बदलला आणि कपाळाचा घाम पुसत बाहेर आले. "खूप आत जावं लागलं," ते म्हणाले. घरादारानं सुटकेचा श्वास सोडला.

दुसऱ्या वर्षापर्यंत साल आपोआप कसं बदलायचं हे त्यांना कळलं होतं. त्यांनी ते केलं नाही. आपोआप झालं तर आपल्याला बोलवेल कोण? हा विचार त्यांनी मनातसुद्धा पुरता उच्चारला नाही, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. त्यांनी फक्त ती ओळ तशीच राहू दिली.

आणि जावयाला पैसे कोण देतो? जावयाच्या कामाची किंमत विचारणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखंच. त्यामुळे काम फुकट, आणि फुकटच्या कामात खोट काढायची सोय नाही. दुसरा माणूस बोलावावा तर जावयाचा अपमान. जामाता दशमो ग्रहः म्हणतात. या ग्रहाला तर पुलगावात स्वतःचा कॉम्प्युटरही मिळाला होता. वेबसाइट पाच वर्षांची झाली, दहा वर्षांची झाली. जगाच्या हातात मोबाइल आले, ही मात्र मोबाइलवर उघडेचना. दुकानदारांनी तिच्यासाठी जुने कॉम्प्युटर जपून ठेवले, घरात म्हातारी गाय सांभाळावी तसे. कुणी कुरकुरला की हिरालालजी म्हणत, "जवाईबापूनं केलेलं हाये ते. चालू द्या."

इकडे वर्ध्यात क्लास केव्हाच बंद पडला. गजेंद्रभाऊ आता बसस्टँडजवळच्या एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. तिथला मालक त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि तो त्यांना "ए गजू" म्हणतो. रांगेतल्या बाया "भाऊ, लवकर करा ना" म्हणतात. घरी आल्यावर ते गप्प असतात. पण पुलगावचा फोन वाजला की त्यांची पाठ ताठ होते, आवाज बदलतो, वऱ्हाडी गळून पडते आणि रेडिओवरच्या बातम्यांसारखी शुद्ध मराठी सुरू होते. "पाहतो. गाडी पाठवा."

बिघाडाशिवाय मात्र ते सासरी पाऊल टाकत नसत. विनाकारण सासरी जाणाऱ्या जावयाला कुत्रं विचारत नाही, असं त्यांचं ठाम मत. एका दिवाळीला हिरालालजींचं बोलावणं एक दिवस उशिरा आलं, तर हे गेले नाहीत आणि आचललाही जाऊ दिलं नाही. भाऊबीज कोरडी गेली. ती एकटीनं माहेरी जाते म्हणाली की यांचा प्रश्न ठरलेला, "माझ्या जेवणाचं काय?" ज्या माणसाला दुसऱ्याच्या घरी पाच पक्वान्नं लागतात, त्याला स्वतःच्या घरी साधा वरणभात टाकता येत नव्हता.

आणखी एक करामत सांगायची राहिली, आणि तीच पुढे नडली. वेबसाइटवर दुकानदारानं आकडा टाकून बटण दाबलं की ऑर्डर एकदा नोंदली जायची, आणि ‘धन्यवाद’ असं पान उघडलं की तीच पुन्हा नोंदली जायची. चिठ्ठ्या दोन, माल दुप्पट. पहिल्या हंगामात दुकानदारांनी बोंबाबोंब केली. गजेंद्रभाऊंनी आठ दिवस चूक शोधली आणि सापडेना. तेव्हा त्यांनी एक तोड काढली. दुकानदारांना घरूनच एकेक फोन लावला आणि सांगितलं, "जेवढा माल हवा त्याच्या अर्धाच आकडा टाकायचा. नवी पद्धत आहे." मेहुण्याला, स्वप्निलला, सांगितलं, "प्रत्येकाच्या दोन चिठ्ठ्या येतील. दोन्हींचा माल पाठवायचा." स्वप्निल भाऊजींना उलट विचारणारा नव्हता, तो कुणालाच उलट विचारत नाही. अशा रीतीनं प्रोग्राम दुरुस्त करण्याऐवजी त्यांनी गिऱ्हाइकं दुरुस्त केली. आणि गिऱ्हाइकं इतकी चांगली दुरुस्त झाली की पुढे ती अर्ध्याचा हिशेब मनातसुद्धा करीनात, हातच तसा चालायचा. त्या दुकानातून विषम आकड्याचा माल कित्येक वर्षांत कुणी उचलला नाही, आणि याचं कुणाला नवलही वाटलं नाही.

अशा या सुखी संसारात रुचिका आली. स्वप्निलची बायको. एमसीए झालेली, नागपूरच्या एका कंपनीत तीन वर्षं हेच काम केलेली. घरानं पहिलं वर्ष नव्या सुनेला दुकानाची पायरी चढू दिली नाही. पापड लाटायला एमसीए सून चालते, चिठ्ठी छापायला चालत नाही. यंदाच्या जानेवारीत, धंदा थंड असताना, तिला एकदाची दुकानात बसायची परवानगी मिळाली. तिनं ते फिरणारं बोंड पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "याचा बॅकअप कुठी हाये?"

प्रश्न फोनवरून वर्ध्याला पोचला. गजेंद्रभाऊ दुखावले. "चालत्या सॉफ्टवेअरचा बॅकअप काढायचा," ते म्हणाले, "म्हणजे जित्या माणसाचं सुतक पाळायचं." देवकाबाईंना हे इतकं पटलं की त्यांनी दोन दिवस सुनेशी जेवढ्यास तेवढं भाषण ठेवलं.

पण ज्या कंपनीच्या यंत्रावर ही वेबसाइट भाड्यानं राहत होती, त्या कंपनीला सुतकाचं काही नव्हतं. इतकी जुनाट रचना आम्ही मे महिन्यानंतर चालवणार नाही, असं ती दोन वर्षांपासून कळवत होती. पत्रं गजेंद्रभाऊंच्या ईमेलवर येत आणि इंग्रजीत असत, म्हणून ती जाहिरात समजून त्यांनी उघडलीच नव्हती. रुचिकानं कंपनीला फोन लावला तेव्हा हे उघडकीला आलं. गजेंद्रभाऊंना बोलावणं गेलं. ते दोनदा आले, दोनदा जेवले, दोन्ही वेळा दार लावून बसले आणि शेवटी म्हणाले, "प्रॉब्लेम वरून आहे. दिल्लीहून."

तेव्हा रुचिका सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, मी करतो नवीन. मे संपायच्या आत करून देतो." हिरालालजींनी बराच वेळ सुपारी चघळली. मग म्हणाले, "कर. पन जवाईबापूले इचारून इचारून कर."

तिनं विचारलं. पासवर्ड मागितला. पुलगावच्या लष्करी डेपोत शिरणं परवडलं, इतके आढेवेढे झाले; आणि शेवटी पासवर्ड निघाला तो गजेंद्रभाऊंचंच नाव, पुढे एक-दोन-तीन. तिनं सगळ्यात आधी बॅकअप काढला. मग जुन्या वेबसाइटची नक्कल वेगळीकडे उभी केली आणि तिचं एकेक ठिगळ उसवून बघायला बसली. सालाची ओळ तिला पहिल्याच आठवड्यात दिसली. "भाऊजी, हे साल हातानं काऊन लिहिलं?" गजेंद्रभाऊ म्हणाले, "सुरक्षेसाठी." "बरं, मी आपोआप बदलन असं करतो," ती म्हणाली, आणि वर्ध्यात, फॉर्मच्या ढिगाऱ्यामागे, गजेंद्रभाऊंनी एकाच बाईचा फॉर्म दोनदा भरला.

तिसऱ्यांदा तिनं विचारलं ते महत्त्वाचं. "भाऊजी, प्रत्येक ऑर्डर दोनदा दिसून राह्यली. तसंच ठेवायचं हाये का चूक हाये?"

इथं एक वाक्य पुरलं असतं. दुकानदार अर्धाच आकडा टाकतात, एवढं सांगायचं होतं. ते गजेंद्रभाऊंच्या जिभेवर आलंही. पण सालाचं कुलूप पोरीनं उघडलं होतं. आता एप्रिलचं बोलावणं कायमचं गेलं, गाडी गेली, चौरंग गेला, राहिला तो बसस्टँडवरचा "ए गजू", हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पुलगावचं ते घर हे पृथ्वीवरचं एकच ठिकाण होतं जिथं ते कुणीतरी होते. नवीन सॉफ्टवेअर तोंडावर आपटलं तरच ते ठिकाण वाचणार होतं. "ते तांत्रिक आहे," ते म्हणाले, "तुला नाही कळायचं." आणि फोन ठेवला.

रुचिका तरुण होती आणि शिकलेली होती, त्यामुळे तिनं खेड्यातल्या एकाही दुकानदाराला फोन करून विचारलं नाही. तिला ती उघड उघड चूक वाटली. तिनं ‘धन्यवाद’च्या पानावरची ती दुसरी नोंद ठेवलीच नाही, आणि बटणही असं केलं की एकदा दाबलं की पुन्हा दाबलं जात नाही. एक ऑर्डर, एक चिठ्ठी, आणि दुकानदाराच्या मोबाइलवर लगेच निरोप. साल आपोआप बदलणारं. बोंड फिरायचं थांबलं. काम खरोखर देखणं झालं होतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पूजा झाली. देवकाबाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्याला हळदकुंकू लावलं, आणि नारळ कुणी फोडायचा, तर अर्थात जावयानं. आपल्याच आसनाच्या मुळावर येणाऱ्या वस्तूपुढे गजेंद्रभाऊंनी नारळ फोडला, तो त्या मानानं फार चवीनं फोडला. सगळ्यांना वाटलं, केवढं मोठं मन.

पेरणीचे दिवस तोंडावर. ऑर्डरींचा पाऊस पडला, माल रवाना झाला, आणि तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. आंजीच्या आनंदाबाई म्हणजे सगळ्यात खमकी गिऱ्हाईक. त्या ओरडत होत्या, "माल पुरा काऊन नाई धाडला?"

रुचिकानं पडद्यावर बघितलं. "मावशी, तुमी टाकलं तेवढंच धाडलं."

"तेच तं म्हनून राह्यली मी! आमी नेहमीसारखंच टाकलं. तुमी नेहमीसारखं काऊन नाई धाडलं?"

सगळीकडून हेच. इकडे आकडे बिनचूक, तिकडे शेतकरी दुकानाच्या दारात उभे आणि बियाणं अर्धं. दोघातिघांनी आर्वीच्या दुसऱ्या ठोक व्यापाऱ्याकडून माल उचललासुद्धा. रुचिका दिवसभर पुन्हा पुन्हा सगळं तपासत होती आणि चूक सापडत नव्हती, कारण चूक तिथं नव्हतीच. देवकाबाई स्वयंपाकघरातून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नागपूरची अक्कल पुलगावात नाई चालत." आजवर दोन्ही चिठ्ठ्यांचा माल जायचा हे स्वप्निलला ठाऊक होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही; तो खाली मान घालून बसला, हे त्याला उत्तम जमतं. हिरालालजी म्हणाले, "दोन दिवस उरले हायेत नं जुनीचे? जुनीच चालू करा. जवाईबापूले बलावा."

गाडी गेली. गजेंद्रभाऊ आले ते काय थाटात! परीटघडीचा सदरा, कपाळावर अष्टगंध. आचल मागे मागे. पाय धुवायला पाणी आलं, चौरंग आला. पुरणपोळी, वडे, पाटोडीचा झणझणीत रस्सा. मालाचा खोळंबा झालेला, फोन घणघणतायत, आणि घर जावयाच्या जेवणाची वाट बघतंय. कारण उपाशी जावयाकडून काम करून घ्यायची या घरात रीत नाही.

"मी आधीच म्हटलं होतं," ते पहिल्या पोळीवर म्हणाले. दुसऱ्या पोळीवर म्हणाले, "अनुभव लागतो." रुचिका तूप वाढत होती. तिचे डोळे सुजले होते, ते त्यांनी बघितले आणि नजर रश्श्यात बुडवली.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्या दोन दोन ऑर्डरींचं काय होतं?"

"जेवताना कामाचं नको."

तेवढ्यात हिरालालजींचा फोन वाजला. तळेगावचे तानबा, जुनं गिऱ्हाईक. हिरालालजींनी फोन सुनेकडे दिला, कारण शिव्या खाण्याची पाळी सध्या तिची होती. तिचे हात तुपाचे, म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकून खाली ठेवला.

"वीस पंप पाह्यजे होते बाप्पा," तानबा म्हणाले, "दहाच आले."

"काका, तुमी दहाच टाकले होते."

"मंग? वीस पाह्यजे असन तं दहाच टाका लागते ना! वीस टाकतो तं चाळीस येत. ठेवतो कुठी, डोक्यावर?"

रुचिकाचा हात थांबला. "असं कोणी सांगतलं तुमाले?"

"कोणी म्हंजे? तुमच्या जवाईबापूनं! किती सालं झाली. खुद फोन करून सांगतलं होतं, सगळ्याइले सांगतलं. लय हुशार मानूस. आले हायेत काय तिथी? माहा रामराम सांगजो."

रामराम पोचला. गजेंद्रभाऊंच्या तोंडात घास होता आणि तो गिळावा की नाही हेही त्यांना ठरवता येईना.

"भाऊजी, मी तुमाले विचारलं होतं," रुचिका म्हणाली. ओरडली नाही. तुपाचं भांडं खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि दुकानात निघून गेली. थोड्याच वेळात तिचा आवाज ऐकू आला. ती एकेका दुकानदाराला फोन लावून सांगत होती, "आतापासून पुरा आकडा टाकजा. हो, पुरा. जेवढं पाह्यजे तेवढा."

"मले वाटलं तिले माहीत असन," गजेंद्रभाऊ म्हणाले. शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली होती.

हिरालालजी जावयावर कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते, आताही बोलले नाहीत. त्यांनी सुपारी बाजूला ठेवली.

"जवाईबापू, मी चाळीस सालं झाली, धंदा करून राह्यलो. दर साली एकाच तारखेले मशीन बिघडते, अन् तुमी पुरनपोळी खाल्ली का नीट होते. मले काय समजत नोतं?"

गजेंद्रभाऊंनी मान वर केली.

"पहिल्या दोन-तीन सालातच समजलं. वर्ध्यात दुसरा मानूस भेटत होता, एका दिवसात करून देत होता. पन म्हटलं, राहू द्या. दिवाळीचं बलावनं धाडलं तं त्यात तुमाले खोट दिसे. अन् मशीन बिघडली म्हटलं का तासाभरात तुमी आचलले घेऊन हाजर. तुमाले वाटे, मशीनसाठी आमी तुमाले बलावतो. अजी, लेक डोळ्याले दिसावी म्हनून आमी ते मशीन ठेवलं होतं."

देवकाबाईंनी पदर डोळ्याला लावला. त्यांनी पंधरा वर्षं पुरण घातलं होतं ते काही सॉफ्टवेअरसाठी नव्हतं.

"लेकीसाठी मशीन सोसली," हिरालालजी म्हणाले. "पन सून रडून राह्यली, अन् तुमाले माहीत असून तुमी पोळी खाऊन राह्यले. हे नाई सोसत मी." आणि ते उठून दुकानात गेले, सुनेच्या शेजारी जाऊन बसले आणि दुसऱ्या फोनवरून तेच सांगू लागले, पुरा आकडा टाका.

इथं गजेंद्रभाऊंची कीव यायला हवी. पण ती सहजासहजी येत नाही. ज्या मानासाठी या माणसानं एक पोरगी बुडायला सोडली, तो मान त्याला काहीच न करता मिळणार होता. जावई म्हणून नुसता आला असता, कधीही, रिकाम्या हातानं, तरी त्या घरानं चौरंग मांडला असता. हे न कळायला माणूस किती मूर्ख असावा लागतो, याचा अंदाज करवत नाही.

त्यांनी हात धुतले. पडवीत येऊन चपला घातल्या आणि आचलला म्हणाले, "चाल."

आचल आईजवळ पायरीवर बसली होती. एवढ्या वर्षांत ती इथं आली की तिचा एक डोळा त्या बंद दाराकडे असे. दार उघडलं की निघायचं, हे तिला ठाऊक असे. आईशी पुरतं बोलणंही कधी झालं नव्हतं. ती उठली नाही.

"मी राहतो आठ दिवस," ती म्हणाली.

"काऊन? काय काम हाये आता?"

"काईच काम नाई," आचल म्हणाली. "म्हनूनच राहतो."

आपल्या जेवणाचं काय, हे विचारायला गजेंद्रभाऊंचं तोंड उघडलं होतं, पण सासूबाई समोर होत्या म्हणून त्यांनी ते मिटलं. मग वळले. फाटकापर्यंत गेले तेव्हा मागून देवकाबाईंचा आवाज आला. त्या पडवीच्या कडेला येऊन उभ्या होत्या, आणि चेहऱ्यावर राग होता की काय ते सांगता येत नव्हतं.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "काई काम नसलं तरी येत जा."

असं बोलावणं गजेंद्रभाऊंना आयुष्यात कधी आलं नव्हतं, निदान त्यांना कधी ऐकू आलं नव्हतं. त्याला काय उत्तर द्यायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते "पाहतो" म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना कळलं की हे उत्तर चुकलं. पण तोवर सासूबाई आत गेल्या होत्या.